अंदमानचा कारभार : कैद्यांवर कैद्यांचाच पहारा (१८५८ ते १९४५)

दर्यावर्दी

अंदमान म्हटलं की आपल्याकडे गोष्ट १९११ पासून सुरू होते. सेल्युलर जेल, कोलू म्हणजे तेलाचा घाणा, बारी जेलर, सावरकर बंधू. ते सगळं सांगितलंच पाहिजे. पण सावरकर तिथे उतरले तेव्हा ती वसाहत ५३ वर्षांची होती आणि सेल्युलर जेल बांधून जेमतेम पाच वर्षं झाली होती. आधीच्या काळात तिथे हजारो माणसं आली, मेली, पळाली, शेतकरी झाली, संसाराला लागली. त्यांना सांभाळायला इंग्रज अधिकारी मोजकेच. कलकत्ता साडेबाराशे किलोमीटरवर, तारायंत्र नाही, चहूबाजूंनी जंगल आणि समुद्र. हा कारभार चाललाच कसा, यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे. म्हणून हा धागा.

सुरुवात थोडक्यात. १७८९ मध्ये कंपनीचा आर्चिबाल्ड ब्लेअर याने चॅथम बेटावर पहिली वसाहत केली. तीन वर्षांनी ती उत्तर अंदमानात हलवली. तिथे तापाने माणसं पटापट मेली आणि १७९६ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. पुढची साठ वर्षं या बेटांकडे कोणी फारसं फिरकलं नाही. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातले तुरुंग तुडुंब भरले. सिंगापूर-पेनांगच्या गोऱ्या व्यापाऱ्यांना आपल्या गावात बंडवाले शिपाई नको होते. बंगालच्या तुरुंगांचा महानिरीक्षक डॉ. माऊट याच्या समितीने १८५७ च्या अखेरीस बेटांची पाहणी करून ब्लेअरची जुनी जागाच सुचवली. जानेवारी १८५८ मध्ये कॅप्टन मॅनने झेंडा लावला. १० मार्च १८५८ रोजी ‘सेमिरामिस’ जहाजातून पहिले २०० कैदी उतरले. त्यांच्याबरोबर होता आग्र्याच्या तुरुंगाचा माजी अधीक्षक डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर, आणि पहाऱ्याला पन्नासेक नौसैनिक.

२०० कैद्यांना ५० पहारेकरी, हे प्रमाण काही आठवडेच टिकलं. मागोमाग जहाजं येत राहिली, जूनपर्यंत कैद्यांचा आकडा सातशेच्या पुढे गेला आणि पहारा जवळपास तेवढाच राहिला. वॉकरने कैद्यांच्या टोळ्या पाडल्या आणि प्रत्येक टोळीवर तिच्यातलाच एक जण मुकादम नेमला. पुढच्या सगळ्या कारभाराचं बीज इथे आहे. पण वॉकरचा खरा भरवसा फासावर होता. कैद्यांमध्ये अशी बातमी पसरली होती की जंगल ओलांडलं की दहा दिवसांत ब्रह्मदेशच्या राजाचा मुलूख लागतो आणि तो आसरा देतो. लोक तराफे करून रॉस आणि चॅथम बेटांवरून पळाले. काही बुडाले, काही उपासमारीने मेले, काही आदिवासींच्या बाणांनी. अर्धमेले होऊन परत आलेल्या किंवा पकडलेल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फासावर चढवलं. कलकत्त्याहून हुकूम आला की हे बंद करा.

पळालेल्यांत दूधनाथ तिवारी नावाचा शिपाई होता. तो वर्षभर अंदमानी लोकांत राहिला, तिथेच त्याने लग्नही केलं. मे १८५९ मध्ये ते लोक वसाहतीच्या ॲबरडीन या ठाण्यावर हल्ला करणार असं कळल्यावर त्याने येऊन खबर दिली. इंग्रज सावध झाले, अंदमानी मारले गेले, तिवारीला माफी मिळाली. या वसाहतीत सुटकेच्या वाटा कशा होत्या ते या एका माणसावरून समजतं.

वॉकर १८५९ मध्येच गेला. नंतरच्या हॉटन, टायटलर, फोर्ड, मॅन या अधीक्षकांपुढे प्रश्न एकच होता. फाशी देऊन रस्ते होत नाहीत, जंगल तुटत नाही, बंदर उभं राहत नाही. पगारी माणसं आणायला पैसा नाही आणि या हवेत यायला कोणी तयारही नाही. मग नावाडी, सुतार, गवंडी, स्वयंपाकी, दवाखान्यातले मदतनीस, साहेबांच्या मुलांना सांभाळणारे नोकर, कचेरीतले कारकून आणि पहारेकरी, सगळे कैद्यांतूनच घडवायचे. वहाबी खटल्यातला मुहम्मद जाफर थानेसरी १८६६ मध्ये आला आणि १८८३ मध्ये सुटून गेला. मधली बरीच वर्षं तो सरकारी कचेरीत मुन्शी होता. सरकारविरुद्ध कट केला म्हणून काळ्या पाण्यावर धाडलेला माणूस त्याच सरकारचे कागद लिहीत होता.

१८७४ मध्ये सर हेन्री नॉर्मनने पाहणी केली, नियम बांधले गेले आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त असताना त्यांची जी शिडी झाली होती ती अशी. जन्मठेपेचा पुरुष कैदी आला की पहिले सहा महिने एकट्याच्या कोठडीत. नंतर दीड वर्ष इतरांबरोबर तुरुंगात सक्तमजुरी, रात्री पुन्हा कोठडी. मग तीन वर्षं बराकीत राहून बाहेर टोळीत काम, मजुरी शून्य. पुढची पाच वर्षं थोडी मजुरी, थोडं हलकं काम, वर्तन चांगलं असेल तर इतरांवर मुकादमी. अशी दहा वर्षं भरली की परवाना. परवाना मिळालेल्याला तिथे ‘सेल्फ सपोर्टर’ म्हणत. त्याने खेड्यात राहायचं, जमीन कसायची, गुरं पाळायची, लग्न करायचं किंवा देशातून बायकामुलं आणवायची. नागरी हक्क मात्र नाहीत, बेट सोडायची मुभा नाही, आळशीपणा केला तर परत बराकीत. वीस-पंचवीस वर्षांनी सुटका. खेड्यांवर चौधरी आणि चौकीदार, तेही याच लोकांतले. वसाहतीचे दोन जिल्हे केले होते, पूर्वेचा रॉस बेटावरून चाले आणि पश्चिमेचा व्हायपर बेटावरून.

१९०१ च्या जनगणनेत या वसाहतीची लोकसंख्या सुमारे सोळा हजार आहे आणि त्यात जवळपास बारा हजार कैदी. यांच्यावर काहीशे सैनिक आणि सहाशेच्या आसपास लष्करी पोलिस. रोजचा कारभार वॉर्डर, पेटी ऑफिसर, टंडेल आणि जमादार या कैदी अंमलदारांच्या हाती.

माझं म्हणणं एवढंच आहे की अंदमान भिंतींच्या जोरावर चाललं नाही. पन्नास वर्षं तिथे बहुतेकांसाठी भिंत नव्हतीच. ते चाललं समुद्राच्या आणि ‘वरच्या पायरीच्या’ जोरावर. प्रत्येकाच्या हातात गमावण्यासारखं काहीतरी ठेवायचं आणि ते हिसकावण्याचा अधिकार त्याच्याच शेजाऱ्याला द्यायचा. ही पद्धत क्रूर होती, आणि ती इतकी चांगली चालली हेच मला जास्त भयंकर वाटतं.

सेल्युलर जेल या सगळ्यानंतर आलं. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी अहवाल दिला की हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा कैद्यांना अंदमान बरं वाटू लागलंय, काळ्या पाण्याची दहशत उरली नाही, तेव्हा सुरुवातीलाच कडक कोठडीचा टप्पा ठेवा. वर जी सहा महिन्यांची पायरी सांगितली ती यातून आली. १८९६ ला बांधकाम सुरू झालं, १९०६ ला संपलं. मधल्या मनोऱ्यातून निघालेले सात तीनमजली पंख, जवळपास सातशे कोठड्या, एका पंखाच्या कोठड्यांसमोर दुसऱ्या पंखाची पाठ. बांधणारे हातही कैद्यांचेच.

ज्यांनी वाचलंय, पाहिलंय, त्यांनी भर घालावी.

अवंती_क

फार माहितीपूर्ण. एक शंका आहे. जंगलात टोळी घेऊन जाणारा मुकादम स्वतः कैदी. त्याच्या टोळीत वीस-पंचवीस जण, त्यांच्या हातात कुऱ्हाडी आणि कोयते. ते त्याचं ऐकत का होते? आणि तोच त्यांना घेऊन पळाला तर?

दर्यावर्दी

अवंतीताई, पळून जायचं कुठे हा पहिला भाग. खारफुटी, जळवा, मलेरिया आणि जारवा आदिवासींचे बाण. बाहेर टिकणं जवळपास अशक्य होतं. दुसरं म्हणजे मुकादमाला बरंच काही मिळालेलं असे. अंगमेहनत नाही, कमरेला पट्टा, हाती दांडकं, थोडा पगार आणि परवान्याकडे जाणारी वाट. टोळीतला एक जण कमी भरला तर हे सगळं जाई. त्यामुळे तो गोऱ्या अधिकाऱ्यापेक्षा कडक वागे.

तिसरं, माणसं मुद्दाम मिसळलेली. पंजाबी, बंगाली, मद्रासी, ब्रह्मी, मराठी, सगळे एका बराकीत. यातूनच तिथे मोडकी हिंदुस्थानी सगळ्यांची बोली झाली. प्रांताचा, भाषेचा, जातीचा आधार तुटला की एकी व्हायला वेळ लागतो. पुढे सेल्युलर जेलमध्ये बंगाली आणि मराठी राजबंद्यांवर सरहद्दीकडचे वॉर्डर नेमत, त्यामागे हाच हिशोब होता.

जेलरोड

मी तुरुंग खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडं लिहितो.

कैद्याला अंमलदार करण्याची पद्धत अंदमानपुरती नव्हती. १८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम २३ काढून पाहा. तुरुंगाचा अंमलदार म्हणून नेमलेला कैदी हा दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक समजावा असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडच्या तुरुंगांत ‘कैदी वॉर्डर’ आणि ‘वॉचमन’ असत, ते या परंपरेतले. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा बराकीची रात्रीची मोजणी, आजारी माणसाची खबर, भांडणाची कुणकुण, हे सगळं त्यांच्यामार्फतच कळे.

यात एक दुखणं आहे आणि ते अंदमानातही असणारच. कैदी अंमलदाराला दिलेला अधिकार कागदावर इवलासा असतो, पण बराकीच्या आत तोच सर्वस्व असतो. पाणी आधी कोणाला, झोपायची जागा कुठे, कोणाची तक्रार साहेबापर्यंत जाणार आणि कोणाची दाबली जाणार, हे तो ठरवतो. अधिकारी कितीही सज्जन असला तरी त्याला जे दिसतं ते या माणसाच्या डोळ्यांनी. अंदमानात तर अधिकाऱ्यांची भाषाही वेगळी. त्यामुळे अहवालात ‘शिस्त उत्तम’ असं लिहिलेलं असतं तेव्हा मी ते वाक्य जपून वाचतो.

दर्यावर्दींनी शिडी सांगितली तिचा एक चांगला वारसाही आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत झाली. कैद्यांनी कुटुंबासह राहायचं, शेती करायची, कुंपण नाही. मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना आणि औंधच्या राजांचा पाठिंबा. तिथे विश्वास होता आणि घर जवळ होतं. अंदमानच्या परवान्यात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. दोन्हीकडे कैद्याच्या हाती नांगरच दिलेला, तरी मी त्यांना एका रांगेत बसवणार नाही.

माणदेशी

जेलरोड काका, स्वतंत्रपूरच्या उल्लेखाबद्दल मनापासून आभार. आमच्या भागातली ही गोष्ट बाहेर फार थोड्यांना माहीत आहे. त्या वसाहतीवर तुम्ही स्वतंत्र लिहावं ही विनंती.

शुभदा

कोणीच बायकांबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

१९०१ मध्ये पुरुष कैदी अकरा हजारांच्या वर आणि स्त्री कैदी अवघ्या सातशेच्या आसपास. साऊथ पॉइंटला त्यांचा वेगळा तुरुंग होता. त्यांचं मुख्य काम विणकाम आणि शिवण, वसाहतीला लागणारा कपडा त्यांच्या हातून जाई. पहिली तीन वर्षं कडक, मग दोन वर्षं थोडी सैल, आणि पाच वर्षांनंतर परवाना मिळालेल्या पुरुषाशी लग्न करायची मुभा. लग्न लागायला मुख्य आयुक्ताची मंजुरी. लग्न केलं की तुरुंगातून सुटून खेड्यात जायचं.

याला ‘मुभा’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. एका बाजूला तुरुंगाच्या भिंती, दुसऱ्या बाजूला अनोळखी माणूस, बहुधा तोही खुनाच्या गुन्ह्यातला. यातून निवडायचं. आणि सरकारी नजरेने पाहिलं तर ही बाई म्हणजे वसाहत स्थिर करायचं साधन. पुरुषांना शेतावर टिकवायचं तर घर हवं, घराला बाई हवी, म्हणून देशातल्या तुरुंगांतून जन्मठेपेच्या बायका इकडे धाडायच्या. कारभाराच्या भाषेत सांगायचं तर तिची शिक्षा हीच त्यांची भरती होती.

या बायका कोण होत्या? नवऱ्याच्या किंवा तान्ह्या मुलाच्या खुनासाठी शिक्षा झालेल्या पुष्कळ. इथे आपला महाराष्ट्र थेट येतो. पुण्यातली काशीबाई ही ब्राह्मण विधवा. दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करून पोट भरणारी. एकाने फसवलं, दिवस गेले, समाजाच्या भीतीने तिने मूल मारलं आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेने हादरून १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ‘गुपचूप येऊन बाळंत व्हा’ असं विधवांना सांगणारं. १८८४ मध्ये सक्तीच्या वैधव्यावर सरकारला मत कळवताना जोतीरावांनी हीच हकिगत लिहिली आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मीला अशाच गुन्ह्यात आधी फाशी झाली, अपिलात ती कमी झाली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून बायकांवर जी आग पाखडली गेली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं.

तेव्हा काळ्या पाण्याचा आपल्या समाजाशी संबंध क्रांतिकारकांच्या खूप आधीपासून आहे. त्या विधवांना फसवणाऱ्यांपैकी कोणी त्या जहाजात नव्हतं.

दर्यावर्दी

शुभदाताई, या प्रतिसादाबद्दल शतशः आभार. काशीबाईची हकिगत माहीत होती, पण अंदमानच्या कारभाराशी ती अशी जोडून मी कधी पाहिली नव्हती.

टेहळणी

शिडीच्या पद्धतीबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. ती ‘चांगली चालली’ असं धागाकर्ते म्हणतात. मग ८ फेब्रुवारी १८७२ चं काय?

व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या दिवशी पोर्ट ब्लेअरला होता. आदल्या वर्षीच त्याच्या काळात वसाहतीसाठी नवे नियम झाले होते, जनरल स्टुअर्टला तिथे नेमलं होतं, आणि कारभार कसा चाललाय ते पाहायला तो स्वतः आला. दिवसभर रॉस, व्हायपर, चॅथम पाहून झालं. संध्याकाळी माउंट हॅरिएटवर सूर्यास्त बघायला गेला. उतरताना खाली होप टाऊनच्या धक्क्यावर अंधारात शेर अली आफ्रिदीने त्याला भोसकलं. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय कैद्याच्या हातून मेला. १८५७ ते १९४७ या काळात असं एकदाच झालं.

शेर अली कोण होता? पेशावरला आयुक्ताच्या पदरी घोडेस्वार शिपाई, वैरातल्या खुनासाठी जन्मठेप. अंदमानात वर्तन इतकं चांगलं की त्याला न्हाव्याचं काम दिलेलं, होप टाऊनला मोकळं राहू दिलेलं. म्हणजे तुमच्या शिडीचा आदर्श कैदी. पुस्तकात त्याच्या नावापुढे एक लाल रेघ नसेल. ११ मार्चला व्हायपर बेटावर त्याला फाशी दिलं.

माणसाच्या मनात काय आहे हे वर्तनाच्या नोंदवहीत उतरत नाही. दहा वर्षं मान खाली घालून राहणारा सुधारलाच असं कोणत्या मोजपट्टीने ठरवलं?

दर्यावर्दी

टेहळणी, मुद्दा रास्त आहे आणि मी तो खोडत नाही. फक्त एक पाहा. एवढं होऊनही सरकारने पद्धत मोडली नाही. दोन वर्षांनी नॉर्मन आला, नियम आणखी रेखीव झाले, पण कैद्यांवर कैद्यांचा पहारा तसाच राहिला. कारण पर्याय नव्हता. बारा हजार लोकांना पगारी पहारेकरी ठेवायचे तर वसाहतीचा खर्च कोण सोसणार? ‘चालली’ याचा माझा अर्थ सरकारच्या कामाला आली एवढाच. कोणी सुधारलं की नाही याची काळजी कारभारात नावापुरतीच दिसते. रस्ता झाला का, भातशेती वाढली का, चॅथमच्या गिरणीत लाकूड चिरलं जातंय का, याची काळजी मात्र पानोपानी. ती लाकडाची गिरणी १८८३ ची.

कोकणकडा

मूळ रहिवाशांवर कोणी चार ओळी तरी लिहा अशी अपेक्षा होती. मीच लिहितो.

ही बेटं रिकामी नव्हती. ग्रेट अंदमानी, ओंगी, जारवा, सेंटिनेली हे लोक हजारो वर्षांपासून तिथे राहत होते. वसाहत आली तेव्हा नुसत्या ग्रेट अंदमानींची संख्या काही हजार असावी असा अंदाज सांगतात. १८६० च्या दशकात त्यांच्यासाठी ‘अंदमान होम’ नावाच्या वस्त्या काढल्या. तिथे अन्न, कपडे, तंबाखू. आणि बदल्यात एक काम दिलं, पळालेले कैदी जंगलातून पकडून आणायचं. त्याचं बक्षीस मिळे. म्हणजे ज्यांच्या जमिनीवर तुरुंग बांधला त्यांनाच त्याचं कुंपण केलं.

मग रोग आले. १८७० च्या दशकात उपदंश पसरल्याचं लक्षात आलं, १८७७ मध्ये गोवराची साथ आली. १९०१ मध्ये ग्रेट अंदमानी ६२५ उरले. १९११ मध्ये ४५५, १९२१ मध्ये २०७, १९३१ मध्ये ९०. आज पन्नासच्या आसपास आहेत.

जारवांनी ‘होम’ नाकारलं, मैत्री नाकारली, लाकूडतोड्या टोळ्यांवर बाण सोडत राहिले. सरकारने त्यांच्यावर मोहिमा काढल्या. सरकारी कागदांत त्यांना ‘शत्रुत्व करणारे’ म्हणतात. आज ते टिकून आहेत ते त्या शत्रुत्वामुळेच, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

काळ्या पाण्यावर आपण एवढं बोलतो. आपल्या देशभक्तांचे हाल आपल्याला पाठ असतात, असायलाच हवेत. पण या आकड्यांसाठी कुठल्या शाळेच्या पुस्तकात जागा आहे?

जुनी_वही

कोकणकडा, अगदी मनातलं लिहिलंत.

दोन गोष्टी जोडते, कारण सगळ्यांचाच गोंधळ होतो. वासुदेव बळवंत फडके अंदमानला गेले असं अनेक जण समजतात. त्यांना एडनला ठेवलं होतं. एडनचा कारभार तेव्हा मुंबई सरकारकडे होता. तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते गेले.

दुसरं, मुंबई इलाख्यातून समुद्रापार कैदी पाठवणं १८५८ च्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. मॉरिशसला, पुढे सिंगापूरकडे. तिथल्या रस्त्यांवर त्यांनी दगड फोडले. आणि उलटही घडे, तिकडचे कैदी आणि राजे इकडे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीला आणला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. माणसाला त्याच्या मातीपासून समुद्राने तोडायचं, हे साम्राज्याचं जुनं हत्यार. अंदमान त्यातलं सगळ्यात मोठं.

अवंती_क

मग राजबंद्यांना ही शिडी लागू होती का? सावरकर तर दहा वर्षं तिथे होते.

दर्यावर्दी

या धाग्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. उत्तर असं की कागदावर होती, प्रत्यक्षात जवळपास नव्हती.

नियमाप्रमाणे सहा महिने कोठडी झाली की बाहेर. दरोडेखोर, खुनी या क्रमाने पुढे सरकत. जुलै १९११ मध्ये ‘महाराजा’ जहाजातून सावरकर आले. त्यांच्या बिल्ल्यावर ‘डी’, म्हणजे धोकादायक. त्यांच्या चलानातले, म्हणजे बरोबर आलेल्या तुकडीतले, साधे कैदी बाहेरच्या कामावर गेले, हे आत कोठडीतच. नोव्हेंबर १९१३ च्या अर्जात त्यांनी नेमकी हीच तक्रार केली आहे. त्या अर्जावर आपल्याकडे खूप धुरळा उडतो, या धाग्यावर तो नको. पण कारभाराच्या अंगाने तो कागद वाचावा असा आहे. मला राजबंदी म्हणून सवलत देत नसाल तर निदान साध्या कैद्याचे नियम तरी लावा, असं त्यात मागणं आहे. तुरुंगाने आपलेच नियम मोडल्याची ती नोंद आहे.

बाबाराव सावरकर, नाशिक खटल्यातले वामनराव जोशी, बंगालचे उल्लासकर दत्त, इंदुभूषण रॉय, सगळ्यांची हीच कथा. कोलूवर दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं. कमी पडलं की दंडाबेडी. इंदुभूषणने १९१२ मध्ये गळफास घेतला, उल्लासकरला वेड लागलं. होतीलाल वर्मांनी चोरून पाठवलेलं पत्र कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात आलं, संप झाले, तेव्हा १९१३ मध्ये गृहखात्याचा क्रॅडॉक पाहायला आला.

सरकारची अडचण त्याच्या पद्धतीतच होती. शिडी चालते ती वर चढायची इच्छा असलेल्यावर, शेजाऱ्यावर नजर ठेवायला तयार असलेल्यावर. एकमेकांसाठी संप करणाऱ्या, कोठडीच्या भिंतींवर ठोकून खुणांनी बोलणाऱ्या माणसांचं काय करायचं हे तिच्यात लिहिलेलंच नव्हतं. उरला बारी आणि त्याचं दांडकं. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र हे तिघे जबरदस्तीने अन्न घालताना गेले, तेव्हाही कारभाराला दुसरं काही सुचलं नव्हतं.

जेलरोड

हे वाचून थांबलो. जबरदस्तीने अन्न घालताना नळी श्वासनलिकेत गेली तर माणूस वाचत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याला ते ठाऊक असतं, आणि कैदी धडपड करत असताना चार जणांनी दाबून धरून ते करणं म्हणजे काय हेही ठाऊक असतं. १९३३ मध्ये तिथे डॉक्टर होते. या तिघांची नावं प्रत्येक तुरुंग प्रशिक्षण केंद्रात शिकवली जावीत असं माझं मत आहे.

सह्यवारा

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम आहे, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आणि माउंट हॅरिएटचं माउंट मणिपूर. मणिपूरचं नाव का, तर १८९१ च्या युद्धानंतर तिथले राजे कुलचंद्र सिंग आणि त्यांचे साथीदार तिथे कैदेत होते. सेल्युलर जेलचे सातपैकी तीनच पंख उरलेत.

सगळे फक्त जेल आणि तिथला प्रकाश-ध्वनी कार्यक्रम करून येतात. या धाग्याचा विषय डोळ्यांनी पाहायचा असेल तर रॉसला अर्धा दिवस द्या. मुख्य आयुक्ताचा बंगला, चर्च, बेकरी, छापखाना, टेनिसचं मैदान, पाणी शुद्ध करायचं यंत्रघर, यांचे अवशेष वडा-पिंपळाच्या मुळांनी कवटाळलेले आहेत. हे सगळं कैद्यांनी बांधलं आणि कैद्यांनीच चालवलं. १९४१ च्या भूकंपानंतर साहेब लोकांनी ते बेट सोडलं. मग व्हायपरला जा. तिथली फाशीची जागा सेल्युलरपेक्षा जुनी आहे आणि तिथे गर्दी नसते.

माणदेशी

एक शेवटचा प्रश्न. परवाना मिळालेले शेतकरी, त्यांची मुलं, त्यांचं पुढे काय झालं? वसाहत बंद कशी झाली?

दर्यावर्दी

बंद करायचा निर्णय झाला होता तो १९२१ मध्येच. १९१९-२० च्या तुरुंग समितीने टीका केल्यावर राजबंदी परत नेले, सावरकर बंधूही त्यातच. पण जमीन कसायला, लाकूड तोडायला माणसं हवी होती. म्हणून त्याच सुमारास मलबारचे मोपला कैदी आणले आणि पुढे त्यांची कुटुंबंही. संयुक्त प्रांतातले, सरकारने ‘गुन्हेगार जमात’ ठरवलेले भांटू आले, ब्रह्मदेशातून करेन लोक आले, हे करेन मात्र कैदी नव्हते. १९३२ पासून राजबंदी पुन्हा आले, १९३७ च्या मोठ्या उपोषणानंतर १९३८ च्या सुरुवातीपर्यंत परत गेले. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी बेटं घेतली आणि तिथल्या लोकांवर साडेतीन वर्षं वेगळाच कहर झाला. त्यात कैद्यांच्या पोटी जन्मलेल्या सुशिक्षित पिढीतले कित्येक हेर ठरवून मारले गेले. ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्रज परतले आणि कैद्यांची वसाहत रीतसर बंद केली. ज्यांना जायचं ते देशात गेले.

पुष्कळ जण राहिले. त्यांच्या वंशजांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. पणजोबा कोणत्या गुन्ह्यात आले हे कोणी विचारत नाही, जातीची बंधनंही तिथे आपल्याइतकी घट्ट राहिली नाहीत. मोपला वस्त्यांना त्यांनी आपल्या गावांची नावं दिली. वंडूर, मंजेरी, तिरूर, कालिकत. पर्यटक ज्या वंडूरच्या किनाऱ्यावर जातात ते नाव मलबारातलं आहे.

टेहळणी

निकोबारलाही अशीच वसाहत होती ना?

दर्यावर्दी

होती. कामोर्टा बेटावर, १८६९ ते १८८८. पोर्ट ब्लेअरच्याच अधिकाराखाली. तापाने हैराण झाल्यावर बंद केली. तिच्यावर स्वतंत्र धागा काढतो, इथे लांबण लागेल.